वीस इंचांचं बाक

माझ्या घराच्या मागच्या ओसरीत एक सागवानी बाक आहे. उंची बरोबर २० इंच. मी बुटकीच, त्यामुळे त्यावर बसले की माझ्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. १९८२ साली एम.पी.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी हे बाक करून घेतलं. सुताराला वहीच्या कागदावर आकृती काढून दिली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, अठरा इंच करतो, बसायला बरं पडेल." मी त्याला सांगितलं, पुस्तकात वीसच लिहिलंय, अर्धा इंचसुद्धा कमी नको.

त्या वेळी मला त्या आकड्याचा अभिमान वाटत होता. पुढे बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकवलं, मुलामुलींना प्रबंधांसाठी मार्गदर्शन केलं, परीक्षक म्हणून गावोगावच्या ग्रंथालयांतले मरून रंगाच्या कापडी बांधणीचे प्रबंध चाळले. आता तर नुसतं शीर्षक वाचून तो प्रबंध साधारण कोणत्या दशकातला असेल ते मी सांगू शकते. शारीरिक क्षमता म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत गेलं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा आमच्या मैदानावर सापडलेलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाकावरून उतरून आमच्याकडे आलं होतं.

आधी या बाकाचीच गोष्ट. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९२७ ते १९४७ अशी वीस वर्षं थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. दुसऱ्या महायुद्धात, कोणता तरुण किती कष्ट सोसू शकेल हे झटपट ओळखायची गरज पडली. तिथल्या ल्यूसियन ब्रूहा आणि सहकाऱ्यांनी १९४३ साली उपाय काढला: २० इंच उंचीचं बाक, मिनिटाला ३० वेळा चढायचं-उतरायचं, असं ५ मिनिटं. मग बसवून तीन वेळा अर्धा-अर्धा मिनिट नाडी मोजायची. चढण्या-उतरण्याचे सेकंद गुणिले शंभर, भागिले नाडीच्या बेरजेची दुप्पट. पूर्ण ५ मिनिटं टिकलेल्याच्या नाडीचे ठोके ८०, ६५ आणि ५५ भरले तर बेरीज २००, गुणांक ७५. म्हणजे सरासरीच्या वरच्या पायरीवर. ८०च्या पुढे 'चांगला', ९०च्या पुढे 'उत्कृष्ट'.

किती सुटसुटीत! यंत्र नको, वीज नको. घड्याळ, बाक आणि नाडीवर ठेवलेली तीन बोटं. आमच्यासारख्या, ज्यांच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेली एक खोली असायची, त्यांना ही चाचणी देवासारखी भेटली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींना रांगेत उभं केलं आणि टाळ्या वाजवत म्हणत राहिले, वर-वर-खाली-खाली. दीड-दोन मिनिटांत काही मुली थांबायला लागल्या. लवकर थांबलं की सेकंद कमी, सेकंद कमी की गुणांक कोसळतो. मी इमानदारीनं लिहीत गेले, 'निकृष्ट', 'निकृष्ट', 'निकृष्ट'.

त्यांचा दम गेला नव्हता. श्वास लागलेला नव्हता, चेहरे घामेजलेले नव्हते. त्यांची मांडी भरून आली होती. हार्वर्डच्या सहा फुटी तरुणाच्या गुडघ्याच्या जेमतेम वर येणारं बाक या मुलींच्या अर्ध्या मांडीपर्यंत येत होतं. प्रत्येक पावलाला त्या पायरी नाही, भिंत चढत होत्या. मी हे डोळ्यांनी पाहत होते आणि तरी हाताने 'निकृष्ट' लिहीत होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधून १९७२ सालीच सव्वासोळा इंचांच्या बाकाची, तीन मिनिटांची आणि बायकांसाठी वेगळ्या गतीची चाचणी निघाली होती. आमच्या ग्रंथालयात ती पोचलेली नव्हती.

हे सगळं आपल्याकडे आलं कसं, ते समजायला जरा मागे जावं लागतं.

महाराष्ट्राला आणि बडोद्याला मोजमापाची स्वतःची वाट होती, हे आमच्या पिढीला कुणी सांगितलं नाही. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले स्वामी कुवलयानंद हे पुढे अमळनेरला शिक्षक होते. त्यांना एक प्रश्न पडला: बस्ती या योगातल्या शुद्धिक्रियेत नळीतून पाणी आपोआप वर कसं चढतं? लोक म्हणत, योग्याची शक्ती. स्वामींनी दाबमापक घेतला, बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांची मदत घेतली, आणि पोटाचे स्नायू फिरवायची नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवून दिलं. त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. प्रश्न इथला, शरीर इथलं, साधन कुठलंही चालेल. संशोधनाची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

दुसरी वाट समुद्रापलीकडची. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए महाविद्यालयात, जिथे १८९१ साली बास्केटबॉल जन्मला, तिथे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. मुंबई इलाख्यात कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंतर १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. कांदिवलीत काम केलेले पी. एम. जोसेफ पुढे ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून १९५७ साली, राणीनं जिथे देह ठेवला त्या गावात ते महाविद्यालय उघडलं. १९६३मध्ये तिथे पदव्युत्तर वर्ग सुरू झाला. पदव्युत्तर वर्ग आला म्हणजे प्रबंध आला, आणि प्रबंध आला म्हणजे चाचणी लागणार.

नेमकी त्याच सुमाराला अमेरिकेतून एक तयार चाचणी बाहेर पडली होती. १९५४ साली हान्स क्राउस आणि रूथ हिर्शलँड यांनी प्रसिद्ध केलं, की स्नायूंच्या सहा अगदी किमान चाचण्यांपैकी निदान एकीत तरी अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं नापास झाली. युरोपातल्या मुलांत हे प्रमाण ८.७ टक्के होतं. अमेरिका हादरली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ साली तरुणांच्या शारीरिक क्षमतेसाठी खास परिषद नेमली, आणि मिशिगनच्या पॉल हन्सिकर यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेआठ हजार शाळकरी मुलामुलींना मोजून १९५८ साली 'आफर' (AAHPER) हा शारीरिक क्षमतेचा चाचणीसंच निघाला. इकडे १९५९-६०मध्ये आपल्या केंद्र सरकारनं राष्ट्रीय शारीरिक कार्यक्षमता मोहीम काढली, एक-दोन-तीन तारे असलेले बिल्ले दिले. हवा सगळीकडे मोजण्याचीच होती. साठ-सत्तरच्या दशकातल्या विद्यार्थ्यासमोर आफरचं पुस्तक तयार होतं आणि त्यात वयानुसार शतमकांचे तक्तेसुद्धा. मग शीर्षकं तशीच येणार: अमुक जिल्ह्यातल्या तमुक वयोगटाच्या विद्यार्थ्यांची शारीरिक क्षमता.

मीही त्याच रांगेतली. माझा विषय होता ग्रामीण आणि शहरी विद्यार्थिनींची तुलना. दंड वाकवून लोंबकळणं, सिट-अप, ३० फुटांवरची ठोकळ्यांची ये-जा, उभ्यानं लांब उडी, ५० यार्ड धाव, सॉफ्टबॉल फेक, ६०० यार्ड धाव-चाल. ठोकळे त्याच सुतारानं करून दिले, दोन बाय दोन बाय चार इंचांचे. सॉफ्टबॉल गावात कुणी पाहिलाच नव्हता. जिल्ह्याच्या गावाहून एक आणला, तिसऱ्या दिवशी त्याची शिवण उसवली. मुलींनी जन्मात कधी चेंडू फेकला नव्हता, त्या तो शेणाच्या गोवरीसारखा खालून भिरकावत. त्यावरून मी त्यांच्या खांद्याची ताकद ठरवली. १९७६च्या सुधारणेत अमेरिकेनंच ही फेक संचातून काढून टाकली होती, हे मला प्रबंध बांधून झाल्यावर कळलं.

लोंबकळण्याच्या चाचणीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. शाळेत आडवा बार नव्हता. दोन बाभळीच्या खांबांवर पाण्याचा जुना नळ बांधला. हनुवटी नळाच्या वर, कोपर वाकलेले, आणि हनुवटी खाली आली की घड्याळ बंद. शहरातल्या शाळेत मुली पाच-सात सेकंदांत खाली येत होत्या. इथे सातवीतली एक सडपातळ मुलगी वर गेली आणि उतरेचना. बाकीच्या मुली ओरडायच्या थांबल्या. मी घड्याळाकडे पाहत राहिले, तिच्या मनगटावरच्या हिरव्या काचेच्या बांगड्या थरथरत होत्या, पण हनुवटी तिथेच. उतरल्यावर मी तिला विचारलं, कुठला व्यायाम करतेस गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "रोज इहिरीवरून गुंडानं पानी आणतो ना बाई."

बैठकीला एक तास पायी जाऊन मी हे माझ्या मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी आणणं हा चल नाही." चुकीचं बोलले नाहीत. आमच्या आराखड्यात त्याला रकानाच नव्हता. वय, उंची, वजन, आणि मग चाचण्यांचे आकडे. ती मुलगी कुठून येते, दिवसभर काय करते, काय खाते, पाळीच्या दिवसांत धावली का, यातलं काहीही आम्ही विचारलं नाही. प्रबंधात ती एक मोठा आकडा होऊन राहिली आणि सरासरीत विरघळली.

संख्याशास्त्राचा धसका तेव्हा भारी होता. गॅरेटचं पुस्तक सगळ्यांच्या काखेत. टी-मूल्य काढायला लॉगचे तक्ते, नशीबवान असाल तर हातानं फिरवायचं गणकयंत्र. ०.०५ स्तरावर 'सार्थक फरक' निघाला की टंकलेखकाकडे पळायचं, कार्बन घालून पाच प्रती. फरक नाही निघाला तर विद्यार्थी रडवेला व्हायचा, जणू तोच नापास झाला. त्यामुळे तुलनेचे विषय लोकप्रिय झाले. ग्रामीण-शहरी, आदिवासी-बिगरआदिवासी, खो-खो खेळणारे आणि कबड्डी खेळणारे, वसतिगृहातले आणि घरून येणारे. दोन गट घ्या, मोजा, फरक सांगा. फरक का आहे, हे विचारणारी पानं फार थोडी. पण मी त्या प्रबंधांना टाकाऊ म्हणणार नाही. उन्हात उभं राहून, स्वतःच्या पैशानं एसटीनं जाऊन, खेड्यापाड्यातल्या मुलांची वजनं-उंच्या टिपून ठेवणारी माणसं ही आपल्याकडे याच विद्यार्थ्यांखेरीज फारशी नव्हती.

याच काळात कूपरची बारा मिनिटांची धाव आली. १९६८ साली केनेथ कूपर यांनी ती मांडली. बारा मिनिटांत किती मीटर धावला त्यातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३नं भागा, शरीर वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं ते निघतं. २४०० मीटर धावलात तर ४२च्या जरा वर. हे सूत्र मी शेकडो प्रबंधांत पाहिलं. मात्र ते कुणावरून काढलं, हे लिहिलेलं क्वचितच दिसलं: अमेरिकन हवाई दलातले ११५ पुरुष. आमच्याकडे तेच सूत्र आठवीतल्या मुलींना, पन्नाशीतल्या पोलिसांना आणि आश्रमशाळेतल्या मुलांना लावलं जात होतं. वर्गात मी एकदा हा आकडा फळ्यावर मोठ्यानं लिहिला, तेव्हा शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मग आपले ११५ कोण मोजणार, मॅडम?" माझ्या शिक्षकी आयुष्यातला तो सगळ्यात चांगला प्रश्न.

स्वतःचे प्रश्न विचारणारा धागा तुटला मात्र नव्हता. कैवल्यधामात डॉ. मनोहर घरोटे यांनी सत्तरच्या दशकात निवडक योगाभ्यासाचा शारीरिक क्षमतेवर काय परिणाम होतो हे तपासलं. त्यांच्या पाठोपाठ आमच्याकडचे किती तरी विद्यार्थी योगाकडे वळले. प्रायोगिक गट, नियंत्रित गट, आठ-बारा आठवडे आसनं, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी. चाचण्या परक्याच होत्या, पण ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट तरी आपली होती. सूर्यनमस्कारांवरचे प्रबंध वाचताना मला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण येई. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, स्वतः म्हातारपणापर्यंत घातले, पण त्या काळातला नाडीचा तक्ता माझ्या पाहण्यात आला नाही. २०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन झाला आणि योगाच्या विषयांचा पूर आला. त्यातलं बरंचसं मला घाईचं वाटलं.

एका गोष्टीची खंत मात्र अजून आहे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत काढला. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, कुस्तीचे पेच, सगळं त्यात आहे. आमच्या ग्रंथालयात ते खंड काचेच्या कपाटात होते, आणि संदर्भसूचीत त्यांचं नाव मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच दिसलं. माझे वडील तालमीत जायचे. ते जोर मोजायला खडे ठेवत, दर पन्नास जोरांना एक खडा. वस्ताद म्हणायचा, अमक्याची मेहनत सहा खड्यांची. हीसुद्धा क्षमतेची चाचणीच होती, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. आम्ही पुश-अप मोजले, जोर मोजला नाही. जोरात पाठीचा कणा सापासारखा फिरतो, खांदे आणि कंबर एकदम कामाला लागतात. पुश-अपमध्ये तसं होत नाही. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहणारा एक तरी प्रबंध मला माझ्या नोकरीत करून घेता यायला हवा होता.

१९८० साली अमेरिकेनं आपली व्याख्या पुन्हा बदलली. उडी आणि ५० यार्ड धाव बाजूला, सिट-अप तेवढे राहिले, आणि सोबत आली एक मैल धाव, बसून पुढे वाकणं, कातडीच्या घडीची जाडी. कोण चांगला खेळाडू, हा प्रश्न मागे पडला. कुणाचं हृदय आणि कंबर पुढे धोक्यात आहे, हा प्रश्न आला. आपल्याकडे तो पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. कातडी चिमटीत धरणारी कॅलिपर आली, मग संगणक आला, गॅरेटच्या जागी एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आलं. शीर्षकांत शाळकरी मुलांऐवजी बँकेतले कर्मचारी, गृहिणी, पोलीस, संगणकावर काम करणारी तरुण मुलं दिसायला लागली. 'सुदृढता' हा शब्द 'क्षमते'च्या जागी येऊ लागला. ताकदीवरून आजाराकडे सरकलेली ती भाषा पाहून मला आमचा समाजच बदललेला दिसायचा. माझ्या पहिल्या प्रबंधातली मुलं कमी वजनाची होती, शेवटच्या काही प्रबंधांतली शहरी मुलं जास्त वजनाची.

मापाचा प्रश्न इथेही सुटला नाही. शरीरवस्तुमान निर्देशांक २५च्या पुढे म्हणजे जादा वजन, हे युरोपी लोकांवरून ठरलेलं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे टप्पे लक्षात घ्यावेत असं सांगितलं, कारण आपल्या शरीरात तेवढ्याच वजनात चरबी जास्त आणि धोका लवकर. ते वाचलं तेव्हा मी ओसरीत जाऊन बाकाजवळ उभी राहिले. इतकी वर्षं जे मला नीट बोलता येत नव्हतं ते कुणीतरी आकड्यांत लिहिलं होतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर पीएच.डी.ला अभ्यासक्रम आला, प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात ठेवणं आलं. नोकरीसाठी पदवी हवी म्हणून प्रबंधांची संख्या वाढली. एकाच शीर्षकात फक्त जिल्हा बदललेले प्रबंध आता कुणालाही घरबसल्या शेजारी उघडून पाहता येतात. हे चांगलंच झालं. अंधारात राहिलेली नक्कल उजेडात आली. करोनात मैदानं बंद पडली तेव्हा विद्यार्थ्यांनी फोनवर प्रश्नावल्या पाठवून क्षमता मोजली. ते मला पटलं नाही. नाडीवर बोट न ठेवता माणसाचा दम कळत नाही.

मार्गदर्शक झाल्यावर मी एक नियम मात्र केला. कुठलीही चाचणी घेण्याआधी प्रत्येक मुलासाठी एक पान: सकाळी किती वाजता उठतोस, पाणी कोण आणतं, शाळेला किती चालतोस, शेतात काय करतोस, काल रात्री काय जेवलास. मुलींसाठी आणखी एक प्रश्न, आणि तो विचारायला बाईच हवी. पुष्कळ विद्यार्थी कंटाळायचे. काहींनी त्या पानावरूनच नवे प्रबंध उभे केले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मेळघाटातला एक मुलगा माझ्याकडे आला. धारणी तालुक्यातल्या कोरकू मुलांवर त्याला काम करायचं होतं. त्यानं माझं बाक मागितलं. मी म्हटलं, ने, पण आधी मुलांचे गुडघे मोज. त्यानं खरंच आधी सगळ्या मुलांची जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची टेपनं मोजली, मग गावातल्या सुताराकडून तीन वेगवेगळ्या उंचीची बाकं करून घेतली. माझ्या बाकावर दोन मिनिटांत बसून गेलेली मुलं आपापल्या बाकावर पाच मिनिटं चढली-उतरली. त्यांची नाडी त्यानं तीन बोटांनी मोजली, माझ्यासारखीच.

बाक परत आलं तेव्हा त्याच्या एका पायावर पेन्सिलीनं ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक. प्रत्येकीसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: नववी, सातवी, पाचवी. मी त्या पुसल्या नाहीत.